शिऱ्याचा डबा वाजला

मी शाळेत विज्ञान शिकवते. करणी, झपाटणं, अंगात येणं... असलं काही निघालं की घरात सगळ्यात आधी मीच हसते. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तरी राग नाही. फक्त तो डबा मी स्वतः भरला होता, एवढं लक्षात ठेवा.

आमचं गाव बोरी अरब, तालुका दारव्हा. माझी मावसबहीण मंदा इथेच दिलेली. गेल्या वर्षी माहेरी निघायचं म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोघींनी बाजारात हिरव्या बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी ती सासरच्या विहिरीत सापडली — दोन्ही हात रिकामे. "पाय घसरला. बांगड्या इहिरीत फुटल्या," सासू म्हणाली. लोकांनी माना डोलावल्या. मंदाची लहानगी परी सासूनेच ठेवून घेतली. मावशीला नातीचं तोंडही पाहू देईना.

कोजागिरीला आमच्या अंगणात भुलाबाईची गाणी होती. आणि ही बया परीला कडेवर घेऊन, नटूनथटून हजर! मावशीही तिथेच बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेला माहेरी जायचंय आणि सासरचे तिला झुलवत ठेवतात, ते गाणं इथे सगळ्यांना पाठ. आम्ही ते कायम टाळ्या पिटत, सासूची नक्कल करत म्हणतो. पण यात हसण्यासारखं आहे काय? मी ते संथ धरलं. सुनेचं विचारणं विनवणीसारखं नाही, जाब विचारल्यासारखं म्हटलं... एकेक ओळ मंदाच्या सासूच्या डोळ्यांत बघत. बायकांच्या टाळ्या आपोआप थांबल्या.

"काहून वं, मयतीत म्हनल्यावानी म्हनून राह्यली?" सासू करवादली.

"घाई कायची, काकू? तिले तं कोनी जाऊच देत नाही ना."

गाणं संपल्यावर खिरापत ओळखायची असते. बंद डबा हलवायचा, आवाजावरून आत काय ते सांगायचं. कोणाला ओळखता येऊ नये म्हणून मी मुद्दाम शिरा केला होता. शिरा वाजत नाही ना!

मी डबा हलवला... आणि तो किणकिणला. काचेच्या बांगड्यांसारखा.

पुन्हा हलवला, पुन्हा तेच. भीती वाटली? वाटली की! पण मी थांबले नाही. डबा सासूच्या कानाशी नेला.

"वळखा, काकू."

"बंद कर!" ती किंचाळली. "त्या तं म्या उकिरड्यात पुरल्या होत्या!"

अंगणभर बायकांनी ऐकलं. म्हणजे बांगड्या विहिरीत फुटल्याच नव्हत्या. घरात फुटल्या होत्या.

मावशी उठली आणि सासूच्या कडेवरून परीला काढून घेतलं. तिने हात आडवा केला नाही. मी झाकण उघडलं, तर आत शिरा. दुसरं काही म्हणजे काही नाही.

उकिरड्यात हिरवे तुकडे सापडले, केस पुन्हा उघडली. परी मावशीकडेच आहे. डब्याचं झाकण, कडी, तळ... सगळं तपासून झालं, तो आवाज कशाचा ते मला आजही सांगता येत नाही. सासू म्हणे आता साधा पिठाचा डबा हलला तरी दचकते.

दचकू दे.