फुटंल तवा

वसईच्या खाडीकाठी आमची भातशेती होती आणि खारं पाणी अडवायला गावाचा एक लांबलचक बांध. त्याची देखरेख करणारे गृहस्थ मला रोज भेटायचे. ते टाचेनं माती दाबत चालायचे आणि जागा भुसभुशीत लागली की तिथंच बसकण मारून माती चोपायचे. आम्ही "बांध फुटला तर" म्हणायचो. ते "फुटंल तवा" म्हणायचे. त्यांचं हे अभद्र बोलणं मला मुळीच खपत नसे.

त्यातून त्यांनी आपल्या शेतासमोर गावाचा बांध हातभर ठेंगणा ठेवलेला, आणि शेताच्या कडेनं मात्र स्वतःचा वेगळा बांध घातलेला. रेशनच्या त्या दिवसांत घरचं भात म्हणजे जीव. "स्वतःचं तेवढं राखतोय," असं आम्ही खुशाल बोलायचो.

श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला, तो नेमका त्या ठेंगण्या जागी. खाडी त्यांच्या शेतात शिरली आणि आतल्या बांधाशी अडून राहिली. पाणी स्वतःच्या शेतात येऊ नये म्हणून नव्हे, आमच्याकडे जाऊ नये म्हणून तो घातला होता! त्यांची रोपं बुडत होती आणि ते टाचेनं तो बांध दाबून बघत होते.

ओहोटीला सगळा गाव माती टाकायला धावला. मी म्हटलं, "काका, आता तरी इथं उंच करू या."

"नको रे," ते म्हणाले. "पान्याला वाट ठाव झाली. आता चुकवू नको त्याला."