वाळ्याच्या दोन बाटल्या

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट कळत नाही.

तुर्भ्याला साबणाचे सुगंध बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथे वास पारखणं हे माझं काम. आणि गेली काही वर्षं मला वासच येत नाही. साथीच्या तापात गेला – परत आलाच नाही. सांगायला हवं होतं, नाही का? पण नाक हीच जिची नोकरी, तिने हे कुणाला सांगायचं?

एके दिवशी मालकांनी वाळ्याच्या तेलाच्या दोन बाटल्या समोर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत एक निवडायची. दोन्ही इतक्या सारख्या, की चांगलं नाकही गोंधळावं. मी कागदाच्या पट्ट्या बुडवून हुंगल्या – नुसती हवा.

तेवढ्यात हिराताई आत आल्या. आमच्याकडे बाटल्या धुवायच्या त्या. मी सहज विचारल्यासारखं केलं, "यातला कुठला आवडतो हो तुम्हाला?"

त्यांनी ओले हात पदराला पुसले. एक पट्टी नाकाशी धरली, मग दुसरी. डोळे मिटले.

"दोन्ही एकाच रानातली हायेत, मॅडम. पन ही लवकर उपटलीय, नुसती गवतासारखी. ह्या दुसरीत पानी हाय – मडक्यातलं, गार."

मी माल पाठवणाऱ्याला फोन केला. खरंच, शेत एकच. एका बाटलीतल्या मुळ्या काही महिने आधी काढलेल्या. माझ्या अंगावर काटा आला. एवढंसं तेल, आणि या बाईला त्यात अख्खं शेत दिसलं?

संध्याकाळी मालकांना मी हिराताईंचेच शब्द ऐकवले. मडकं, पाणी, गारवा – सगळं.

"काय नाक आहे तुमचं!" मालक म्हणाले. मी हसले.

मग हे नेहमीचंच झालं. मी पट्टी पुढे करायचे, त्या सांगायच्या, मी थक्क व्हायचे – आणि वर जाऊन ते माझं म्हणून सांगायचे.

पण खरं सांगायचंय ते हे नाही. पुढचं आहे.

आमच्या वास पारखायच्या खोलीत एक जागा निघाली. हिराताई म्हणाल्या, "माजं नाव सांगाल काय सायबांना?"

"सांगते की."

मालकांनी स्वतःहून विचारलं, खालच्या बायकांत कुणाला वासाची जाण आहे का? मी म्हटलं, "नाही हो. कुणालाच नाही."

हिराताईंना सांगितलं, साहेब नको म्हणाले.

"असूंदे," त्या म्हणाल्या. "तुमी माज्यासाठी बोललात, तेच खूप." आणि त्या बाटल्या धुवायला गेल्या.

घाबरले होते का? हो. त्या शेजारी बसल्या असत्या, तर दोन दिवसांत माझं बिंग फुटलं असतं. पण म्हणून ते कमी वाईट होत नाही.

गुडघे गेले, तसं गेल्या वर्षी त्यांनी काम सोडलं. सारसोळ्याला राहतात. नेरूळच्या माझ्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटं. मी गेलेले नाही.