रिपोर्ट चांगला आल्यानंतरचं वर्ष

माझ्या बायकोची, सुनंदाची, अँजिओग्राफी झाल्यावर डॉक्टर बाहेर आले. "हृदयाच्या मोठ्या नसांमध्ये अडथळा अगदी नावाला आहे. काळजीचं कारण नाही."

मी तिथेच हात जोडले. सातपाटीला सासरवाडीत फोन केला. सुनंदाला घेऊन बोईसरला परतताना पेढे घेतले.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "जिना चढताना छातीत दुखतं ते तसंच हाय."

"रिपोर्ट चांगला आहे ना?" मी म्हणालो.

पुढे हेच कितीदा म्हणालो असेन. गॅस असेल, वय असेल, मनाचं असेल. माहेरी सुक्या मासळीच्या पाट्या उचलायची, आता भाजीच्या पिशवीने दमते, असंही एकदा पाहुण्यांसमोर बोललो. ती हसली. त्यानंतर तिने दुखण्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं, बरी झाली.

वर्ष गेलं. एका दुपारी कारखान्यातून लवकर सुटलो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर सुनंदा बसली होती, छातीवर मूठ दाबून, घामाने भिजलेली. तिथली शेजारीण पाणी घेऊन उभी होती. मला म्हणाली, "भाभी तो रोज यहीं बैठती है. आपको मालूम नहीं?"

मला ठाऊक नव्हतं.

पालघरच्या दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी तिलाच विचारलं, कधी दुखतं, कसं दुखतं. ती बोलत राहिली. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग मुंबईला आणखी तपासण्या झाल्या. आजाराचं नाव मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना. श्रम पडले की हृदयातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या पुरेशा उघडत नाहीत, म्हणून दुखतं. अँजिओग्राफीत त्या दिसत नाहीत.

"तुमचं दुखणं खरं आहे," डॉक्टर म्हणाले, आणि सुनंदा रडायला लागली.

गोळ्या चालू आहेत; दुखायला लागलं तर एक जिभेखाली ठेवायची असते. दुखणं कमी झालं, गेलं नाही. आम्ही तळमजल्यावर राहायला आलो. मी तिची माफी मागितली. "जाऊ द्या. तुमाला तरी काय ठावं?" एवढंच म्हणाली.

तुमच्या घरात रिपोर्ट चांगला येऊनही कोणी दुखतं म्हणत असेल, तर त्या माणसाचं ऐका. पुन्हा डॉक्टरांकडे न्या. गप्प बसलं म्हणजे बरं झालं, असं समजू नका.

परवा केर काढताना ती मध्येच थांबली.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून तिने गोळी जिभेखाली ठेवली.