कापराचं देऊळ

“अहो, विझवा! विझवा ते! ते जाळायचं नाहीये, बघायचंय!”

फोर्मोसाचा कापूरवाला वाचनालयात असा ओरडला, की तिकडे कोलशेतच्या खाडीतले बगळे उडाले.

फोर्मोसा म्हणजे तैवान बेट. तिथला हा माणूस ठाण्यात आमच्या आळीत भाड्याने राहायचा. नमस्कार इतका वाकून करायचा, की समोरच्याला वाटावं, ह्याचं काहीतरी खाली पडलंय. टपालपेटीलाही वाकायचा. मराठी शिकला ती फक्त आदराची, आमच्या मांजरालासुद्धा “आपण दूध घेतलंत का?” असं विचारायचा.

ठाण्यात कापराला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर कंपनी त्याला परत बोलावणार होती. म्हणून त्याने वाचनालयात ‘आमचं बेट’ असं प्रदर्शन मांडलं. मधोमध त्याच्या गावचं देऊळ, अख्खं कापरात स्वतः कोरलेलं. छपरावर ड्रॅगन, ड्रॅगनला मिशा, मिशांना पीळ.

उद्घाटनाला बाजारपेठेतले मोठे किराणावाले शेठ आले. समोर देऊळ, तेही कापराचं, वर पितळी ताटात ठेवलेलं. शेठनी चपला काढल्या, काडी ओढली आणि सगळं वाचनालय आरती म्हणू लागलं. ज्वाळा अशी उठली, की कळव्याहून बंब निघाला म्हणतात.

कापूरवाला ओरडून ओरडून थांबला. ड्रॅगनची शेवटची मिशी जाईपर्यंत बघत राहिला. मग तोही ठेक्यात टाळ्या वाजवू लागला.

आरती संपल्यावर शेठनी ताटात बोट फिरवलं. “राख नाही. माल चोख आहे. पाठवा पेट्या.”

कापूरवाला कमरेत वाकला.

“वड्या पाठवू, की देवळंच?”