तुळशीरामभाऊंना विचारलं तेव्हा

"आज जागतिक पेंग्विन दिन आहे," मी म्हणाले.

खाटेवर उशीला टेकून बसलेल्या तुळशीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर अकोल्याचं एप्रिलचं ऊन होतं. जुन्या शहरातल्या त्या गल्लीत कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. घरात कूलर घरघरत होता, पण हवा गरमच येत होती.

"मंगळवार," ते म्हणाले.

त्या दिवशी मंगळवार नव्हता. पण त्यांना पाणी हवं असलं तरी ते 'मंगळवार' म्हणत. पंखा बंद करायचा असला तरी 'मंगळवार'. सून जेवायला वाढायची तेव्हाही 'मंगळवार'. पक्षाघाताच्या झटक्यातून उठल्यापासून त्यांच्याजवळ एवढा एकच शब्द उरला होता.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं, आम्ही तोतऱ्या मुलांना नीट बोलायला शिकवतो. तेही करतो. पण माझे निम्मे पेशंट स्ट्रोकचे असतात. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की बऱ्याच जणांची भाषा जाते. याला अफेजिया म्हणतात. जीभ ठीक असते, आवाज ठीक असतो, पण शब्द सापडत नाही. काहींच्या तोंडात एखादाच शब्द अडकून बसतो आणि काहीही बोलायला गेलं की तोच बाहेर येतो. तुळशीरामभाऊंच्या बाबतीत तो मंगळवार का होता, ते कुणालाच सांगता आलं नाही.

त्यांचं फुलांचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी हार विकले होते. बायको वारल्यावर दुकान मुलगा गजानन आणि सून रेखा बघत होते. दोघं पहाटेच मार्केटला निघत, ते दुपार कलल्यावर परतत. भाऊंचा उजवा हात आणि पाय गेलेला. शेजारची एक बाई मधेच येऊन चहा-पाणी देऊन जायची. बाकी वेळ ते आणि कूलर.

स्ट्रोकच्या पेशंटला आम्ही रोज आजचा वार, आजचं काय विशेष, असं सांगून सुरुवात करतो. दिवसाचा धागा हाती राहावा म्हणून. पण नुसतं 'आज गुरुवार' सांगून मलाच कंटाळा यायचा. मग मी फोनमधून रोज तीन गोष्टी काढून न्यायला लागले. जगात आज कुठला दिवस साजरा होतोय, कुण्या गायकाचा वाढदिवस आहे, आणि एक विनोद. खरं तर सकाळी चहा पिताना हे शोधायचा मला नाद लागला होता. जठारपेठेत मी एकटीच राहते. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगलोरला. दिवसभर मी लोकांना बोलतं करत फिरते, पण संध्याकाळी घरी आले की बोलायला कुणी नसतं. विनोद सापडला तर तो सांगायला हक्काचं माणूस म्हणजे तुळशीरामभाऊच. आणि ते हसत नव्हते.

जागतिक हास्य दिनसुद्धा कोरडाच गेला.

पुढे एका जुन्या गायिकेचा वाढदिवस आला. गजानन म्हणाला होता की बाबा दुकानात रेडिओ लावत आणि आवडत्या गायकांच्या वाढदिवसाला रेडिओलाच गजरा घालत. मी त्या गायिकेचं एक गाणं गुणगुणायला लागले. माझा आवाज काही बरा नाही. दुसऱ्या ओळीला भाऊंनी मला मागे टाकलं आणि स्वतःच म्हणायला लागले. शब्दांसकट, सुरात, आख्खं कडवं.

रेखा त्या दिवशी दुकानात गेली नव्हती. ती हातातली परात तशीच ठेवून बाहेर आली. "माय! बाबा बोलून राहिले!"

तिनं लगेच गजाननला फोन लावला. तो दुकान तसंच टाकून धावत आला. "बाबा, माह्यं नाव घ्या. गजानन म्हणा. म्हणा ना!"

"मंगळवार," भाऊ म्हणाले.

गजानन माझ्याकडे वळला. मला त्याला समजवावं लागलं. पाठ असलेलं गाणं मेंदूत दुसऱ्या वाटेनं येतं. त्यामुळे बोलता न येणारा माणूसही गाऊ शकतो. ते बोलणं नव्हे.

"म्हंजे समजत नाईच त्याइले काई," तो म्हणाला आणि परत दुकानात गेला.

खरी अडचण तिथेच होती. बोलता येत नाही, हे तर सगळ्यांनाच दिसत होतं. पण समजतं का? आमच्या टेस्टमध्ये आम्ही सांगतो, डोळे मिटा, हात वर करा, खिडकी दाखवा. भाऊंना त्यातलं काहीच जमत नव्हतं. हुकूम केला की त्यांचं शरीर गोंधळायचं. तेच डोळे थोड्या वेळानं आपोआप मिटत. असंही होतं या आजारात. हो-नाही विचारलं तर प्रत्येक प्रश्नाला ते मान डोलावत. "तुमचं नाव शांताबाई का?" याला सुद्धा. म्हणून डॉक्टरांनी लिहिलं होतं, आकलन नाही. घरच्यांनी तेच धरलं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल सगळं बोलणं चालायचं, एखाद्या कपाटाबद्दल बोलावं तसं.

मे महिन्यात एका सकाळी मी गेले तर गजानन घरी होता, अंगणात फोनवर बोलत होता. मी भाऊंना सांगितलं, "आज जागतिक गाढव दिन आहे."

नेमका तेव्हाच गजानन दारातून आत आला.

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि खांदे हलवत हसायला लागले. पहिल्यांदाच.

"काय झालं? बाबा कावून हासले?" गजानन म्हणाला.

"मी आजचा दिवस सांगितला."

"कोनता दिवस?"

मला सांगावं लागलं. तो म्हणाला, "लहान लेकरू बी हासते मॅडम, कोनी आलं का. त्याचं काय एवढं?" आणि त्यानं ते सांगितलं, जे सांगायला तो घरी थांबला होता. अमरावतीला एक केंद्र आहे, म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना सांभाळणारं. तिथे जागा मिळाली होती. महिनाअखेर बाबांना न्यायचं.

"त्यांना विचारलंत?" मी म्हणाले.

"कोनाले? बाबाले?" तो म्हणाला. "मॅडम, मले हौस हाय का बाप धाडाची? आमी दोघं दुकानात. घरात हे एकटे. परवा खाटेवरून पडले, शेजारची बाई बी आली नोती, दुपारपावतो तसेच होते जमिनीवर. काय करू मी?"

भाऊ भिंतीकडे बघत होते.

मी आमच्या रिहॅब सेंटरच्या सरांकडे गेले. ते न्यूरोचे डॉक्टर, माणूस चांगला, पण घाईत असतो.

"सर, तुळशीरामभाऊंना समजतं."

"कशावरून? गाण्यावरून?"

"हसण्यावरून."

"हसणं रिफ्लेक्स असू शकतं. समोरचा हसला की पेशंट हसतो. तुम्हाला माहीत आहे."

"मी हसले नव्हते, सर."

"मग सिद्ध करा," ते म्हणाले. "आणि मुलासमोर करा. मला पटून उपयोग नाही, पेशंट त्याच्या घरी राहतो."

ते बरोबरच होतं. मी रात्रभर नाही, पण स्वयंपाक करताना विचार केला. हसणं हुकमानं करायचं नसतं, ते आपोआप येतं. म्हणून भाऊंचं शरीर तिथे गोंधळत नव्हतं. पण चेहऱ्यावरून, आवाजावरून त्यांना सुगावा लागता कामा नये. आणि विनोद असा हवा, जो भाषा कळल्याशिवाय कळणारच नाही. म्हणजे शब्दावरची कोटी. आणि आधी तीच गोष्ट कोटीशिवाय सांगायची, फरक दिसावा म्हणून.

रविवारी दुपारी गजानन आणि रेखा दोघांना मी खाटेजवळ बसवलं. "हसायचं नाही. चेहरा हलवायचा नाही," असं बजावलं. मग बातम्या वाचाव्यात तसा सपाट आवाज काढून सांगितलं, "निवडणुकीचा निकाल लागला. पडलेला उमेदवार फुलांच्या दुकानात आला. म्हणाला, एक हार पाहिजे. दुकानदार म्हणाला, झेंडूचा देऊ की गुलाबाचा?"

भाऊ वाट बघत राहिले. मी पुढे बोलले नाही. त्यांच्या कपाळावर आठी आली. "मंगळवार?" ते म्हणाले. म्हणजे, मग? पुढे?

गजानन खुर्चीत पुढे सरकला.

मी तेच पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. "पडलेला उमेदवार फुलांच्या दुकानात आला. म्हणाला, एक हार पाहिजे. दुकानदार म्हणाला, अजून एक? सकाळीच तर झाली ना साहेब."

क्षणभर काहीच झालं नाही. मग भाऊंचं पोट हललं. डावा हात त्यांनी मांडीवर आपटला आणि असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. बाजारात चाळीस वर्षं हार विकलेला माणूस होता तो. ही कोटी त्यांना कळायलाच हवी होती.

रेखानं पदर तोंडाशी धरला. गजानन हसला नाही. त्याचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं होतं त्याला आनंद होईल. पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"म्हंजे," तो हळू म्हणाला, "आमी इतले दिवस जे जे बोललो… ते सगळं आयकून राहिले होते हे?"

"हो."

मग त्यानंच विचारलं, "मंग यायले विचारायचं कसं?"

मी फोटो वापरायचे ठरवले. बोट दाखवणं हुकमानं जमत नाही, पण हवी ती वस्तू माणूस उचलतो. एक फोटो घराचा, या खाटेसकट. एक अमरावतीच्या केंद्राचा, गजाननच्या फोनमधला. त्यात व्हरांड्यात ओळीनं बसलेली म्हातारी माणसं दिसत होती. प्रिंट काढून आणल्या. मी भाऊंना सावकाश सांगितलं, इथे राहिलात तर काय, तिथे गेलात तर काय. इथे तेच दिवस. तिथे परकी माणसं, मुलगा-सून महिन्यातून एकदा येतील. काहीच लपवलं नाही.

रेखा म्हणाली, "बाबा, तुमी म्हनान तसं करू. मी दुकानात जात नाई, पायजे त."

मला माहीत होतं ते काय उचलतील. आम्हा तिघांनाही माहीत होतं. आपलं घर सोडून कोण जातं? आणि खरं सांगायचं तर मला ते तसंच हवं होतं. ते अकोल्यात राहिले तर माझं येणं चालू राहणार होतं.

भाऊंनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. डाव्या हातानं केंद्राचा फोटो उचलला.

मी जागा बदलून पुन्हा ठेवले. पुन्हा तोच. दुसऱ्या दिवशी विचारलं. तोच. या वेळी फोटो हातात घेऊन त्यांनी अंगठा त्या ओळीनं बसलेल्या माणसांवरून फिरवला. एकेका माणसावरून. मग आपल्या खोलीकडे पाहिलं. खाट, कूलर, भिंत.

"बाबा," गजानन म्हणाला. "मी तुमाले हाकलून राहिलो असं वाटते का तुमाले?"

भाऊंनी त्याचा हात डाव्या हातात घेतला. "मंगळवार," ते म्हणाले. लहान मुलाला थोपटताना म्हणावं तसं. गजानन त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. मी माझी बॅग आवरली.

महिनाअखेर ते गेले. त्यांच्या वेळेला मी दुसरा पेशंट घेतला. तो चांगला बोलता झाला, पण त्याला विनोद आवडत नाहीत.

पावसाळ्यात एकदा सुट्टी काढून मी बसनं अमरावतीला गेले. तिथल्या सिस्टरशी बोलायचं होतं. भाऊंना समजतं, त्यांच्याशी बोला, हे सांगायचं होतं. ती म्हणाली, "ते आम्हाला माहीत आहे, मॅडम." व्हरांड्यात भाऊ एका आजोबांच्या शेजारी बसले होते. ते आजोबा दिवसभर बोलतात. शेतावरचं, जवानीतलं, तेच तेच. बाकीचे त्यांना कंटाळून उठून जातात. भाऊ उठून जाऊ शकत नाहीत, आणि मला वाटतं, त्यांना जायचंही नसावं. ते योग्य जागी हसत होते.

मला बघून त्यांचा चेहरा खुलला. मी तीन गोष्टी काढून नेल्या होत्या. दिवस सांगितला, वाढदिवस सांगितला, विनोद सांगितला. ते हसले, माझ्या हातावर थोपटलं. मग वळून आजोबांकडे बघायला लागले, कारण त्यांची गोष्ट अर्ध्यात राहिली होती.

मी थोडा वेळ बसले आणि परतीची बस धरली.

या धंद्यात मी एवढं शिकले, की पेशंटला समजतं का हे घरच्यांना विचारू नये. पेशंटला विचारावं, रस्ता सापडेपर्यंत विचारावं. आणि एकदा विचारलं, की उत्तर आपल्या सोयीचं येईल असं धरून बसू नये.