खाली उभा राहिलेला नवरदेव

मुलाच्या बॅटला जवसाचं तेल चोळायला बसलो, की त्या वासासरशी मला मेलबर्नबाहेरच्या एका जुन्या बंगल्यातलं तैलचित्र आठवतं. आमचं लग्न इथेच, मेलबर्नमध्ये, रजिस्टर पद्धतीने झालेलं. त्यानंतर बाबा पहिल्यांदाच आले होते, पण लग्नाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. एका रविवारी आम्ही दोघांनी त्यांना तो बंगला दाखवायला नेलं. पायाखाली करकरणारी लाकडी जमीन, आणि भिंतीवर नुकतंच दुरुस्त करून टांगलेलं, ह्याच तेलाच्या वासाचं चित्र: खोगीर घातलेला तुकतुकीत तांबडा घोडा, शेजारी लगाम धरून एक साधासा माणूस. बाबांनी खालची पाटी वाचली, 'हॉर्स अँड ग्रूम', आणि बराच वेळ बघत राहिले. "घोडा दारात तयार," ते मला म्हणाले, "आणि नवरदेव आपला खालीच उभा. तुझ्यासारखाच." बायकोला हसू आवरेना. मग बाबाही हसले, आणि परतताना गाडीत त्यांनी तिला विचारलं, "साडी कुठली नेसली होतीस गं?" त्या पाटीवरचा ग्रूम म्हणजे घोड्याची निगा राखणारा मोतद्दार, हे मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.