वरच्या आळीचं पाणी

ओतूरच्या अलीकडचं आमचं गाव चढावर आणि आमची बौद्ध वस्ती उतारावर. वरच्या आळीचं सगळं सांडपाणी रस्त्याखालच्या पाइपातून आमच्या दारापुढं यायचं. माझी धाकटी त्याच पाण्याकाठी रांगायला शिकली आणि जुलाबांनी सुकत गेली. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण दारातली घाण आधी हटवा. मी सरपंचांकडे गेले. ते पान चघळत म्हणाले, "पाणी उताराकडंच जाणार बाई, त्याला काय जात आसती व्हय?" ओट्यावरची माणसं खो खो हसली. ते हसणं मी विसरले नाही.

दोन हजार सालानंतर ग्रामस्वच्छतेचं वारं आलं, तपासणीत स्वच्छ ठरेल त्या गावाला सरकारचं बक्षीस. लोकसहभाग हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी. श्रमदानात आमच्या वाट्याला काय आलं? वरची आळी झाडणं. आम्ही बायकांनी सरळ नकार दिला आणि आपल्याच वस्तीत राबलो. घरोघरी शोषखड्डे खणले, त्यात गोटे आणि विटांचे तुकडे भरले, भिंतींना चुना मारला. आमच्या न्हाणीचं पाणी जागच्या जागी मुरायला लागलं. दारापुढं वाहत राहिलं ते फक्त गावाचं.

तपासणीच्या आदल्या दिवशी कळलं, की समितीची जीप वरच्या वर फिरवून नेणार, वस्ती दाखवणारच नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. संध्याकाळी आम्ही जावाजावांनी पाइपाच्या तोंडात गोटे आणि चिंध्या ठासल्या, वरून सिमेंटनं लिंपून टाकलं. लिंपायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

पुढचं काम गावानं स्वतःच केलं. आमच्या गावात पाव्हणे येणार म्हटलं की आळी झाडून भागत नाही, धुवावी लागते. सकाळी दारोदारी हंडे ओतले, मोटारीची नळी लावून रस्ता धुतला आणि सगळी घाण नेहमीसारखी खाली लोटली. ती खाली गेलीच नाही. जीप आली तेव्हा चावडीपुढं घोटाभर काळं पाणी, भिजलेली सतरंजी आणि धोतर सावरत दगडावर चढलेले सरपंच. मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

ते तणतणत वस्तीत आले. "पाइप तुमीच तुंबवला ना? गावाची पार आब्रू घालवली! खोला आधी!"

"न्हाई खोलायचा, आण्णा. सायबांना हिकडं घिऊन या, मग बोलू."

साहेब आले. मी त्यांना शोषखड्डे दाखवले आणि लिंपलेलं तोंडही दाखवलं, काही लपवलं नाही. गावानं आपलं पाणी आपल्यापाशीच मुरवावं, एवढं बोलून ते गेले. बक्षीस बुडालं. गावानं आमच्याशी बोलणं टाकलं, पण वर शोषखड्डे खणणं भाग पडलं. खणायला वस्तीतून कुणी गेलं नाही. शेवटी सरपंचांनाच कुदळ धरावी लागली.

तोवर धाकटीच्या अंगावर मांस चढलं होतं. तिला कडेवर घेऊन, हातात पाण्याची कळशी धरून मी मुद्दाम बघायला गेले. सरपंच कमरेएवढ्या खड्ड्यात उभे होते, घामानं निथळत. आमच्या हातचं पाणी त्यांच्या घरात आजवर कुणी घेतलं नव्हतं. कळशीकडे बघत ते म्हणाले, "घोटभर दे गं बाई."

मी दिलं नाही.